मागच्या सीटचं माप

माझ्या बापाने सत्तरीला टेकताना मोटरसायकलची सीट बदलायला काढली, आणि ज्या बाईंसाठी बदलायची त्या आपल्या लेकीकडे नाशिकला गेल्या होत्या म्हणून मापाला मला बसवलं. आता बोला. कंबर दुखते सी विंगमधल्या बाईंची आणि माप घ्यायचं माझं, मुलुंडला दिलेल्या लेकीचं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

आधी गाडीचं सांगते. गाडी पप्पांनी माझ्या जन्माच्या आधी घेतली, तीही तिसऱ्या हाताची. जड, लोखंडी, किक मारायला अख्खा माणूस लागतो. आता तिला लोक क्लासिक म्हणतात, सिग्नलला कॉलेजची पोरं फोन काढून फोटो घेतात आणि पप्पा मान ताठ करतात. आमच्या घरात तिला कधी नाव नव्हतं. गाडी म्हणजे तीच. पप्पा अंधेरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होते, जन्मभर पत्रा कापला आणि वाकवला, त्यामुळे नटबोल्टसाठी त्यांनी कधी मेकॅनिक शोधला नाही. सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये बसून ते गाडी उघडायचे आणि मी पाने हातात घेऊन बाजूला उभी असायचे. मला भाऊ नाही. मुलगा असता तर बापाच्या हाताखाली तयार झाला असता, असं शेजारचे म्हणायचे, आणि मला त्या नसलेल्या भावाचाही राग यायचा. माझा स्वभावच तसा आहे. जे माझं आहे त्याला कोणी नुसतं बोट लावलं तरी माझं डोकं फिरतं.

मागच्या सीटवर आई बसायची. साडीत, दोन्ही पाय डावीकडे सोडून, एक हात पप्पांच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात पिशवी. तिचं सगळं वजन सीटच्या डाव्या कडेवर. इतकी वर्षं ती तशी बसली की आतला फोम त्या बाजूला बसूनच गेला. वरून रेक्झिन दोनदा बदललं, पण फोम तोच राहिला, कारण पप्पा म्हणायचे चाललंय ना, मग कशाला उसवायचं. त्यामुळे मागे कोणीही बसलं की ते हळूहळू डावीकडे घसरायचं. आई गेल्यावर मी बसायला लागले. मी जीन्सवाली, दोन्हीकडे पाय टाकून बसणारी, तरी घसरायचेच. पण मला त्याचा त्रास नव्हता. उलट बरं वाटायचं. आईची जागा आहे आणि तिथे आता मी आहे, असं मी धरून चालले होते. कोणी मला ती लिहून दिली नव्हती, पण असल्या गोष्टी कोणी लिहून देतं का?

दर रविवारी मी पवईमार्गे बसने बोरीवलीला पप्पांकडे जायचे. स्टॉपवर पप्पा गाडी घेऊन उभे. मी मागे बसायचे, बाजारात बांगडे घ्यायचे, घरी जायचं, जेवायचं, संध्याकाळी पुन्हा स्टॉपवर. एवढंच. पण घरी नवरा, दोन पोरं, सासूबाई, वर अंधेरीचं ऑफिस, या सगळ्यात मला कोणीतरी न्यायला येतंय असं आठवड्यातून तेवढंच व्हायचं. बाकी सगळ्यांना मीच न्यायची आणि मीच आणायची.

मग त्या बाई आल्या. आल्या म्हणजे काय, सी विंगमध्ये होत्याच कित्येक वर्षं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या, नवरा केव्हाच गेलेला, एकुलती मुलगी नाशिकला. सकाळी नॅशनल पार्कात चालायला जातात, तिथे पप्पांशी गप्पा सुरू झाल्या. मूळच्या त्या वऱ्हाडातल्या, बौद्ध. आमचं घर मालवणकडचं. माझ्या आत्याने फोनवर लगेच नाक मुरडलं, म्हणाली, तुझ्या बापाला आता या वयात काय सुचलं, आणि तेही कुठे. मी आत्यावर उखडले. जातीचं मला काही नाही, असं तिला ठणकावून सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, चला, निदान आत्या तरी माझ्या बाजूने आहे. स्वतःचीच लाज वाटली आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही. मला चीड यायला दुसरी कारणं भरपूर होती.

पहिलं कारण ठेचा. आमच्या घरात जन्मात नारळ आणि कोकमाची सोलं याशिवाय काही शिजलं नाही. एका रविवारी बघते तर ओट्यावर बरणीभर वऱ्हाडी ठेचा, आणि पप्पा बांगड्याबरोबर तो खातायत, नाकाडोळ्यांतून पाणी काढत, आणि वर म्हणतायत की मॅडमच्या हाताला चव आहे. पप्पा त्यांना मॅडम म्हणतात. माझ्या हाताला चव आहे असं त्या माणसाने मला आजवर म्हटलेलं नाही. दुसरं कारण हेल्मेट. दारामागच्या खिळ्याला निळं, कोरं, बायकांच्या मापाचं हेल्मेट लटकत होतं. माझ्यासाठी इतकी वर्षं त्यांचंच जुनं, घामाच्या वासाचं, पट्टा तुटलेलं. तिसरं कारण फोन. मी रोज ऑफिसमधून निघताना फोन करायची, तर हल्ली पलीकडून नुसतं हां हां, बरं बरं, आणि कट. मी सांगतेय की धाकट्याला ताप आहे, तर उत्तर येतं, छान छान. माणसाचं लक्ष कुठे असतं ते मला न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते?

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्टॉप. पप्पांनी मला न्यायला येणं बंद केलं. एकदा म्हणाले पंक्चर आहे, एकदा म्हणाले ऊन फार, नंतर कारणही देईनात. रिक्षाने ये, एवढंच. इकडे वॉचमनकडून मला कळायचं की बुधवारी साहेब आणि सी विंगच्या मॅडम गाडीवर गोराईला जाऊन आले. गोराईला. मला स्टॉपवरून घरी आणायला ऊन लागतं आणि गोराईच्या खाडीवर काय सावली पडली होती?

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, तुझ्या बापाला कोणी सोबत मिळाली तर तुझ्या पोटात का दुखतं? मी म्हटलं, दुखतं. तुला काय करायचंय. तो म्हणाला, मला काही करायचं नाही, पण तू जळतेयस. मी म्हटलं, हो, जळतेय. मग भांडायला काही उरलंच नाही.

अशात त्या रविवारी पप्पांचा फोन आला की घरी येऊ नको, हायवेच्या अलीकडे सीटवाल्याचं दुकान आहे, तिथे थेट ये. रिक्षाने. मी पोचले तर गाडी दुकानासमोर स्टँडवर, आणि पप्पा स्टुलावर बसलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, घामाने नुसते निथळत होते. मी म्हटलं, गाडी चालवून आलात की गाडी तुमच्यावर बसून आली? पप्पांनी रुमालाने मान पुसली आणि सीटवाल्याला म्हणाले, आली, घे माप.

तेव्हा मला कळलं. मॅडमची कंबर दुखते. गाडीवर बसलं की डावीकडे कलायला होतं, अंग ताठ धरावं लागतं, घरी आल्यावर दोन दिवस शेक घेतात. त्या आज संध्याकाळी नाशिकहून येणार, त्याआधी सीट नवी करून ठेवायची. त्यांना माहीत नाही. सरप्राइज. हा शब्द माझ्या बापाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आईच्या पन्नाशीला मी सांगितलं होतं, तिला काहीतरी आणा, तर म्हणाले होते की तिला काय हवं ते तिलाच विचार.

आणि माप माझं का? तर पप्पा सरळ म्हणाले, उंची तुझ्याएवढीच आहे त्यांची. वजनपण साधारण तेवढंच. माझं वजन किती हे माझ्या नवऱ्याला सांगता येणार नाही. पण त्या बाईंचं माझ्याएवढं आहे, हे या माणसाने नजरेने तोलून ठेवलेलं. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला तिथे, त्या दुकानाच्या पायरीवर कळलं.

सीटवाला बोलघेवडा होता. एकीकडे फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता आणि दुसरीकडे सीट उसवत होता. मागचे दोन बोल्ट काढले, सीट मागे खेचून पुढची जिभेसारखी पट्टी टाकीखालून सोडवली, उलटी केली, क्लिपा उपटल्या आणि रेक्झिन सोललं. आतला फोम पिवळा पडून भुगा झालेला. डावीकडे खोलगट खड्डा. उजवीकडे अजून जाड. सीटवाल्याने फोन कानाला तसाच ठेवून विचारलं की हे काय, एकाच बाजूला कोण बसायचं? पप्पा म्हणाले, हिची आई. तो म्हणाला, अच्छा, आणि सुरी घालून तो सगळा फोम सीटच्या तळाच्या पत्र्यापासून खरवडून काढला. माझ्या पायाशी तुकडे पडले. मी पप्पांकडे पाहिलं. ते पत्रा कुठे गंजलाय ते वाकून बघत होते.

मला रडू आलं नाही. राग आला. इतका की मी रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला, पप्पांना न विचारता. तिथून मी बघत होते. पप्पा नव्या फोमचा तुकडा दोन बोटांनी दाबून पाहत होते, नको म्हणत होते, दुसरा काढायला लावत होते. एवढं लक्ष. माझ्या लग्नातला शालूसुद्धा त्यांनी असा हाताने पाहिला नव्हता.

पत्र्याला सोल्यूशन लावून नवा फोम चिकटवला, आणि नुसत्या फोमची ती सीट गाडीवर ठेवून मला बसायला सांगितलं. बसले. सीटवाला म्हणाला, सरळ बसा. मी सरळच बसले होते. मग उजवीकडे वळून बघा म्हणाला, मग डावीकडे. मी म्हटलं, मी काय ट्रॅफिक हवालदार आहे? तर पप्पा मध्येच म्हणाले, तसं नाही, मागे वळून रस्ता नीट दिसायला हवा, दोन्हीकडचा. खांदे मोकळे फिरतायत का बघ. मी म्हटलं, कशाला? मागे बसून त्यांना काय नकाशा काढायचाय? पप्पा सीटवाल्याला म्हणाले, मधे अजून थोडा घे, कडा उतरव. सीटवाल्याने कडा घासल्या. मला पुन्हा बसवलं. पुन्हा उतरवलं. दुसऱ्या बाईच्या ब्लाउजची ट्रायल मला घालून बघावी तसं चाललं होतं, आणि त्या ब्लाउजसाठी माझ्याच आईची साडी फाडलेली.

शिलाई होईपर्यंत दुपार टळली. काळं रेक्झिन, कडेला बारीक पांढरी पायपिंग. दिसायला झकास झाली होती, हे मी तेव्हा कबूल करणार नव्हते. आता बसवायची वेळ आली तर मागचे बोल्ट भोकात बसेनात. नव्या जाडीमुळे रेक्झिन पत्र्याखाली दुमडून भोकांवर आलं होतं. सीटवाला म्हणाला, ठोकून बसवतो. पप्पांनी त्याला हातच लावू दिला नाही. स्वतः खाली वाकले, पण गुडघे वाकेनात. अर्ध्यात थांबले, हँडल धरून उभे राहिले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

मी बसले खाली. जीन्स धुळीत. दुमडलेलं रेक्झिन स्क्रूड्रायव्हरने मागे सारलं, कापून घेतलं, पुढची पट्टी टाकीखाली अडकवली, पप्पांनी वरून सीट दाबून धरली, मी बोल्ट हाताने फिरवून आधी दोन्ही लावून घेतले आणि मग पान्याने कसले. एकदम एक कसायचा नाही, आळीपाळीने, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पप्पा वरून म्हणाले, बस, आता पुरे, पत्रा वाकेल. मी तरी अजून थोडा कसला. काम अंगवळणी पडलेलं होतं आणि त्या दहा मिनिटांत मी रागवायचं विसरले, हे खरं. उभी राहून हात पुसताना आठवलं की हे आपण कोणासाठी केलं.

पप्पा म्हणाले, जा आता तू रिक्षाने, मी येतो मागून.

बस्स. हँडलला दोन्ही हेल्मेटं अडकवलेली होती; मी ते निळं उचललं, डोक्यात घातलं, आणि सांगितलं की माप माझं घेतलंत, बोल्ट मी कसले, पहिली बसणार पण मीच. ते म्हणाले, नको, ऐक माझं. मी म्हटलं, का? माझ्या बसण्याने खराब होणार आहे? बाई येईपर्यंत प्लास्टिक घालून ठेवायचीय? बऱ्याच वर्षांत मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. दुकानदार दुसरीकडे बघायला लागला. पप्पांनी गाडी स्टँडवरून काढली, दुसऱ्या किकला सुरू केली. मी मागे बसले. सीट सरळ होती. कुठे घसरायला झालं नाही, आणि मला कुठे धरून बसावं ते कळेना.

सर्व्हिस रोडने आम्ही निघालो. पप्पा अगदी हळू चालवत होते. आमच्या गल्लीकडे वळायला डावीकडे घ्यायचं होतं, आणि मागून डावीकडूनच एक बस पुढे घुसत होती. हॉर्न वाजवत होती, कान किटतील इतका. मला वाटलं पप्पा थांबतील. ते थांबले नाहीत. सरळ डावीकडे वळायला लागले. मी ओरडले, पप्पा, बस. दुसऱ्यांदा त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले. त्यांची मान हललीसुद्धा नाही. बसवाल्याने करकचून ब्रेक मारला, बस आमच्या हँडलपासून हातभर अंतरावर थांबली आणि कंडक्टर पत्र्यावर थापा मारत आईबहिणीवरून सुरू झाला. तेव्हा कुठे पप्पांनी पाहिलं. गाडी फुटपाथला लावली. हेल्मेट काढलं. आणि उलट माझ्यावरच चिडले.

"हात कित्याक नाय लावलंस?"

मी म्हटलं, का नाही लावला म्हणजे? कसला हात?

त्यांचा चेहरा असा पडला की मला भीतीच वाटली. रागावले की पप्पा मालवणी बोलतात, घाबरले की गप्प होतात. मी पुन्हा विचारलं, कसला हात, काय बोलताय? आणि मग हळूहळू बाहेर आलं. डावा कान गेलाय. पुरता. उजव्याने थोडं ऐकू येतं, पण हेल्मेट घातलं की तेही नाही. वर्ष होत आलं. प्रेसच्या आवाजाने आधीच कमी होतं, ते आता संपलं. कानाचं मशीन घेतलंय, पण ते हेल्मेटमध्ये शिट्ट्या मारतं, म्हणून गाडीवर खिशात ठेवतात, आणि मी यायची तेव्हाही खिशातच असायचं. डॉक्टरकडे मॅडम घेऊन गेल्या. मॅडम मागे बसतात आणि दोन्हीकडे लक्ष ठेवतात. डावीकडून काही आलं की डाव्या खांद्यावर हात, उजवीकडून आलं की उजव्या. थांबायचं किंवा हळू घ्यायचं असेल तर दोन्हींवर. जुन्या सीटवर त्यांना उजवीकडे वळताच यायचं नाही, कंबर धरायची. म्हणून सीट. त्या नसल्या तर गाडी काढत नाहीत. सकाळी दुकानापर्यंत ढकलत आणली होती.

ढकलत. ते धूड. आणि मी त्यांच्या घामाची चेष्टा केली होती.

पण खरं सांगते, मला आधी दया आली नाही, काळजीही नाही. आधी आला तो मत्सरच. माझ्या बापाचा कान गेला आणि ते सी विंगला माहीत, मला नाही. मी वर्षभर फोनवर ताप आणि परीक्षा आणि सासूचं दुखणं सांगत राहिले आणि तो माणूस एक शब्द न ऐकता छान छान म्हणत राहिला, आणि कोणाला तरी हे माहीत होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? पोटची पोरगी आहे मी. आणि विचारता विचारताच माझा हात पुढे गेला, गाडीची चावी मी काढली आणि पर्समध्ये टाकली. मला कळलंही नाही. कोणीही घेतली असती. असा माणूस गाडी चालवतो?

पप्पांनी पर्सकडे बघितलं. ओरडले नाहीत. उलट आवाज अगदी खाली आला.

"ह्याच्यासाठी नाय सांगलां, बाय."

रिक्षा जात होत्या, एक भाजीवाली आम्हाला हटायला सांगून गेली. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हे माझ्या पर्समध्येच पडलेलं होतं. चावी नेली असती, गाडी विकायला लावली असती, त्यांना मुलुंडला आणलं असतं, हॉलमधल्या दिवाणावर टीव्हीसमोर बसवलं असतं, आणि माझा बाप आता फक्त माझा म्हणून रोज गरम भाकरी वाढली असती. त्या बाईंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी हेल्मेट घातलं आणि मागे बसल्या.

मी चावी परत दिली. दिली म्हणजे लावली गाडीला, हातात देण्याइतका मोठेपणा माझ्यात नव्हता. म्हटलं, चला, मी बघते. आणि मागे बसून मी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. घरापर्यंत जेमतेम दोन वळणं. मला जमलं नाही. रिक्षा येऊन गेल्यावर माझा हात पडायचा, नाहीतर नुसता कुत्रा दिसला तरी मी दोन्ही खांदे घट्ट दाबायचे आणि पप्पा दचकून ब्रेक मारायचे. एकदा तर एवढ्या जोरात थापटलं की ते कळवळले. म्हणाले, असा नाय, हळू. त्या नुसता टेकवतात. मी दात ओठ खाऊन हळू टेकवला.

गेटवर त्या उभ्याच होत्या. नाशिकहून नुकत्याच आलेल्या, खांद्याला पिशवी, हिरव्या ड्रेसवर पांढरी ओढणी. आम्हाला दोघांना गाडीवर बघून त्यांचा हात छातीवर गेला, आणि त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे. त्यांना कळलं होतं की मला कळलं. पप्पांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं आणि सीटकडे बोट दाखवलं, शाळेतल्या पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसं. बाईंनी पायपिंगवरून बोट फिरवलं. कशाला उगीच, म्हणाल्या, पण डोळे भरले होते त्यांचे. मी बाजूला वळून हेल्मेट काढलं. माझ्या केसांना लागून आतलं अस्तर ओलं झालं होतं. मी ते माझ्या रुमालाने पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्या म्हणाल्या, आत्ता नको, आज तू आलीयस, रविवार तुझा असतो. म्हणजे त्यांना तेही माहीत होतं. मी हेल्मेट परत घेतलं नाही. म्हटलं, बसून तर बघा, माझ्या मापाची आहे. त्या बसल्या, दोन्हीकडे पाय टाकून, उजवीकडे वळून बघितलं, डावीकडे वळून बघितलं. कंबर धरली नाही. पप्पांनी मशीन काढून खिशात ठेवलं, हेल्मेट घातलं आणि किक मारली. पार्कच्या गेटपर्यंत एक चक्कर मारून येतो, असं ते मला म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्याने.

गाडी गेटबाहेर पडली तेव्हा मी मागून ओरडले, पप्पा, सावकाश जा.

त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं, तरी सवयीने ओरडले. बाईंनी ऐकलं. त्यांनी वळून मला मान हलवली आणि दोन्ही हात पप्पांच्या खांद्यांवर टेकवले, अगदी हळू. पप्पांनी लगेच वेग कमी केला. मागे न बघता डावा हात वर केला, आणि तो कोणासाठी केला हे मला तिथे उभं राहून कळायला मार्ग नव्हता.